चोचीचं टोक बघ

जुलैतल्या दुसऱ्या शनिवारी पहाटे पाचला ख्राइस्टचर्चहून निघालो. गाडीच्या काचेवर बर्फाचा पापुद्रा, लेक मागच्या सीटवर गोधडीत गुरफटून परत झोपलेली, नवरा गाडी चालवतोय, आणि मी मनात एकच गोष्ट घोकतेय की आज नॉर्दर्न आणि सदर्न वेगळे ओळखायचेच, काही झालं तरी. जायंट पेट्रेल या मोठ्या समुद्रपक्ष्याच्या दोन जातींबद्दल बोलतेय मी. मागच्या उन्हाळ्यात पहिल्यांदा बघितला तेव्हा मला तो अजिबात आवडला नव्हता आणि आता सहा महिने झाले डोक्यातून जात नाहीये.

आधी जागेबद्दल सांगते, कारण जागा समजली की पक्षी तिथे का येतो ते आपोआप समजतं. कायकोरा न्यूझीलंडच्या दक्षिण बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर, ख्राइस्टचर्चपासून साधारण १८० किलोमीटर. नावाचा माओरी अर्थच मुळी शेवंड खाण्याची जागा, काई म्हणजे जेवण आणि कोरा म्हणजे शेवंड, लॉबस्टर. बाबा कोकणातले, त्यांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले मग ते आपलेच लोक. एका बाजूला बर्फाचे डोंगर थेट समुद्रावर येऊन उभे, आणि समुद्राखाली त्याच्या उलटं, किनाऱ्यापासून थोडंसं गेलं की तळ एकदम खाली जातो, हजार मीटरहून खोल दरी आहे तिथे. त्या दरीमुळे खालचं थंड, खाद्याने भरलेलं पाणी वर येतं, म्हणून देवमासे बारा महिने तिथे, आणि जे पक्षी बघायला लोक एरवी आठ-आठ दिवस जहाजाने दक्षिणेकडे जातात ते इथे छोट्या बोटीतून अर्ध्या तासात दिसतात. १४ नोव्हेंबर २०१६ ला ७.८ चा भूकंप झाला तेव्हा इथला किनाराच वर उचलला गेला, बोटींच्या धक्क्यापाशी पाणी पुरेना, खोदून परत खोल करावं लागलं. अजूनही तिथे पूर्वी पाण्याखाली असलेले खडक पांढरे पडून उघड्यावर दिसतात.

तर मागच्या वेळी. बोट थांबली, अल्बट्रॉस आले, सगळे खूश, आणि त्यांच्यामध्ये एक मोठा तपकिरी-काळपट पक्षी येऊन बसला. मी लेकीला म्हटलं हे बघ अल्बट्रॉसचं पिल्लू. बोट चालवणारी बाई हसली नाही काही नाही, शांतपणे म्हणाली, नाकपुड्या बघ. तेवढंच. आणि खरंच सगळा फरक तिथे आहे. अल्बट्रॉसच्या चोचीला दोन बाजूंना दोन छोट्या नळ्या असतात, एक इकडे एक तिकडे, पटकन दिसतही नाहीत. जायंट पेट्रेलला चोचीच्या वर मधोमध एक जाड नळी असते, चोचीच्या निम्म्याहून जास्त लांब, जणू चोचीवर दुनळी बंदूक ठेवलीय. एकदा ती नळी बघितली की या जन्मात परत अल्बट्रॉसशी घोळ होणार नाही. पण त्या दिवशी मी ते ऐकलं आणि विसरले, कारण तोपर्यंत त्या पक्ष्याने लहान कबुतराएवढ्या केप पेट्रेलला मानेने बाजूला फेकलं होतं आणि माशाच्या काळजाचा अख्खा तुकडा गिळला होता, आणि मला तो राक्षसच वाटला. फोटोसुद्धा काढला नाही मी त्याचा नीट.

या वेळी नऊच्या बोटीला आम्ही दहा जण होतो. जुलै म्हणजे इथला ऐन हिवाळा, चार डिग्री, वारा दक्षिणेचा म्हणजे सरळ बर्फावरून येणारा, हातमोजे घातले तर कॅमेऱ्याचं बटण दाबता येत नाही आणि काढले तर बोटं बधिर. बोट दरीवर जाऊन थांबली, इंजिन मंद केलं, आणि मागे जाळीच्या पिशवीत माशाची काळजं बांधून पाण्यात सोडली. पहिले आले केप पेट्रेल, काळेपांढरे, बुद्धिबळाच्या पटासारखे पंख, कलकलाट करत. मग पाच मिनिटांत लांबून एक काळा ठिपका पाण्याला चिकटून येताना दिसला आणि उडण्यावरूनच मला कळलं, हाच.

हे उडणं शब्दांत सांगणं अवघड आहे पण प्रयत्न करते. अल्बट्रॉस वाऱ्यावर वाहतो, पंख हलवतच नाही म्हटलं तरी चालेल, लाटेवरून वर, वळसा, खाली, परत वर. जायंट पेट्रेलपण तेच करतो, त्याच्याही खांद्यात पंख उघडा ठेवून अडकवायची सोय असते, म्हणजे स्नायू न दमवता तासन् तास पंख पसरून ठेवता येतात, ही सोय अल्बट्रॉस आणि जायंट पेट्रेल या दोघांकडे आहे. पण त्याचे पंख अंगाच्या मानाने आखूड. टोकापासून टोकापर्यंत दोन मीटरच्या आसपास, ऐकायला खूप वाटतात, पण शरीर तीन ते पाच किलोचं, पाठीला पोक, मान जाड. त्यामुळे तो मध्ये मध्ये जोरजोरात पंख मारतो, ताठ, मेहनतीने. लांबून, रंग दिसायच्या आधी, एवढ्यावरून ओळखता येतो. लेकीने दुर्बिणीतून बघून सांगितलं, आई हा दप्तर घेऊन उडतोय. एकदम बरोबर, पाठीवर दप्तर असल्यासारखाच दिसतो.

आता मुख्य गोष्ट. जायंट पेट्रेलच्या जाती दोन, नॉर्दर्न आणि सदर्न, आणि १९६६ पर्यंत शास्त्रज्ञसुद्धा सगळ्यांना एकच जात समजत होते. त्या वर्षी बॉर्न आणि वॉरहॅम या दोघांनी दाखवून दिलं की या दोन वेगळ्या जाती आहेत. विचार करा, एवढा मोठा पक्षी, खलाशी शेकडो वर्षं बघत आलेले, त्यांनी त्याला नावं पण ठेवलेली, नेली म्हणायचे, स्टिंकर म्हणायचे, आणि दोन आहेत हे कळायला १९६६ उजाडावं लागलं. मॅक्वारी, साउथ जॉर्जिया अशा लांब दक्षिणेकडच्या काही बेटांवर तर दोघे शेजारी शेजारी घरटी करतात, पण नॉर्दर्न साधारण दीड महिना आधी अंडं घालतो, त्यामुळे सहसा त्यांच्या जोड्या आपापसात जुळत नाहीत. मला ही गोष्ट फार आवडली. तीच वस्ती, तेच खाणं, फक्त पंचांग वेगळं.

आणि ओळखायची खूण कुठे, तर चोचीच्या टोकावर. बाकी चोच दोघांचीही हस्तिदंती, जरा गुलाबी-पिवळट. टोक नॉर्दर्नचं लालसर तपकिरी, सदर्नचं फिकट हिरवं. पुस्तकात हे वाचून मला आठवायचं नाही, कुठला लाल कुठला हिरवा हे दर वेळी उलटं व्हायचं, मग एका रात्री भांडी घासताना सुचलं, पानाचा डबा. उत्तरेचा कात, दक्षिणेचं पान. बस. कात बघितलाय ना तुम्ही, ओला केलेला, तो अगदी तोच रंग, विटकरीच्या जवळचा. आणि सदर्नचं टोक म्हणजे पिकायला आलेलं पान, गडद हिरवं नाही, पिवळट झाक असलेलं. तेव्हापासून एकदाही चुकलं नाही. ज्यांना हा पक्षी बघायचा योग येईल त्यांनी हे खुशाल वापरा.

पण समुद्रावर ते एवढं सोपं नसतं हे पण सांगायला पाहिजे. चोच तेलाने आणि रक्ताने माखलेली असते, मग सगळंच लाल. ऊन समोरून असेल तर टोक काळं दिसतं, हिरवं असो की तपकिरी. अशा वेळी रंग बघायचा सोडून फक्त फरक बघायचा, म्हणजे लांबून टोक बाकी चोचीपेक्षा गडद, बुडवून काढल्यासारखं दिसलं तर नॉर्दर्न असायची शक्यता जास्त, आणि अख्खी चोच एकसारखी फिकट वाटली तर सदर्नचा विचार करायचा. डोळ्याचीही मदत होते, मोठ्या नॉर्दर्नचे डोळे राखाडी-पांढरे, मोतीबिंदू झालेल्या म्हाताऱ्या माणसासारखे, सदर्नचे बहुतेक वेळा गडद. पण बहुतेक वेळाच हं, सदर्नमध्येही फिकट डोळ्यांचे असतात. मोठ्या सदर्नचं डोकं आणि मान बऱ्याचदा फिकी पांढुरकी, आणि अंग गडद. नॉर्दर्नचा डोक्यावरचा भाग गडद राहतो आणि चेहराच तेवढा उजळतो. आणि सदर्नमध्ये एक पूर्ण पांढरा प्रकार असतो, पांढऱ्या अंगावर चार-दोन काळी पिसं विखुरलेली, शाई शिंपडल्यासारखी. तो दिसला तर प्रश्नच नाही, नॉर्दर्नमध्ये तसा पांढरा नसतोच. मला तो अजून दिसलेला नाही आणि दिसेल त्या दिवशी मी ऑफिसमध्ये सगळ्यांना पेढे देणार आहे.

खरी परीक्षा पिल्लांची, म्हणजे पहिल्या एक-दोन वर्षांच्या पक्ष्यांची. दोन्ही जातींची ती काळीकुळकुळीत, चकचकीत, डोळे दोघांचेही गडद. चोचीचं टोक सोडलं तर काहीच हाताशी नाही, आणि ते टोकही अजून पुरतं रंगलेलं नसतं. आणि न्यूझीलंडच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात जे सदर्न येतात त्यांत ही लहानच जास्त. अंटार्क्टिकाजवळच्या बेटांवर जन्मतात, घरटं सोडलं की पश्चिमेकडून वाहणाऱ्या त्या भयंकर वाऱ्यांवर स्वार होऊन पूर्वेकडे निघतात. साउथ ऑर्कनी बेटांवर पायात कडी घातलेली पिल्लं काही आठवड्यांत ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला सापडलेली आहेत. पायातली ती कडी नसती तर कुणाला कळलं असतं ते कुठून आले. आईवडील बरोबर नाहीत, रस्ता कुणी दाखवलेला नाही. कसं करत असतील ते.

त्या दिवशी बोटीभोवती एका वेळी जास्तीत जास्त अकरा जायंट पेट्रेल मोजले. नऊ जणांचं टोक मी दुर्बिणीतून स्वतः बघितलं, सगळे कात. माओरीत याला पांगुरुंगुरू म्हणतात, आणि तो पाण्यावर भांडायला लागला की ते नाव त्याच्या घशातूनच आलंय असं मला वाटतं. भांडायची पद्धत अशी, मान खाली घालायची, पंख अर्धवट उघडून वर धरायचे, शेपटी पंख्यासारखी उभी करायची आणि पाय मारत समोरच्यावर चालून जायचं, गुरगुरत, मध्येच घोड्यासारखं खिंकाळत. आणि गंमत म्हणजे बहुतेक वेळा चोच लागतच नाही, एक जण मान वळवतो आणि बाजूला होतो. मी वीस मिनिटं फक्त हेच बघितलं. जो सगळ्यांना पळवत होता तो नर असावा, कारण मादी नरापेक्षा बरीच लहान असते, आणि त्या दोघांचं खाणंसुद्धा वेगळं, नर बेटांच्या किनाऱ्यांवर मेलेल्या सील आणि पेंग्विनवर जास्त, माद्या समुद्रात लांब जाऊन मासे, क्रिल म्हणजे कोळंबीसारखे बारीक जीव, आणि माकूल खातात. तशा माद्यासुद्धा मेलेलं खातात, पण नर पुढे असला की त्यांना जागा मिळत नाही. आणि लांब उत्तरेकडे जातात म्हणून मासेमारीच्या हजारो गळांच्या दोऱ्यांवर अडकून बुडायची भीती माद्यांनाच जास्त.

बोटीवर एक जोडपं होतं, चांगले लोक, पण ती बाई सारखी म्हणत होती, हे घाणेरडे पक्षी जरा बाजूला झाले तर अल्बट्रॉसचा फोटो मिळेल. मला तिचा राग नाही आला कारण सहा महिन्यांपूर्वी मी तीच होते. पण वाईट वाटलं. कारण चोचीचं टोक बघायचं म्हणून एवढा वेळ त्याच्या तोंडाकडे बघितल्यावर मला आता तो घाणेरडा दिसतच नव्हता. चोचीच्या कडेला पिसांवर पाण्याचे थेंब, चेहऱ्यावर राखाडी-पांढरी बारीक नक्षी, त्या नळीच्या तोंडातून खारट पाणी गळतंय, कारण समुद्राचं पाणी पिऊन जास्तीचं मीठ असंच बाहेर टाकतात हे पक्षी. आणि तो मेलेलं खातो म्हणून वाईट, हे कुठून आलं? कुणीतरी ते खायलाच पाहिजे ना.

इथे मला बाबांबद्दल लिहावंच लागणार. माझे बाबा चिपळूणजवळच्या गावातले. त्यांच्या लहानपणी गावाबाहेर मेलेली गुरं टाकायची एक जागा होती आणि तिथे पांढऱ्या पाठीची गिधाडं उतरायची, चाळीस-पन्नास, तासाभरात बैल साफ. पोरं लांबून बघायची. माझ्या लहानपणी मी बाबांबरोबर त्या जागेवर गेलेय, मला पाच-सहा आठवतात फक्त. मग एकही नाही. गुरांना द्यायच्या डायक्लोफेनॅक या औषधामुळे, मेलेल्या जनावरात ते उरलं की गिधाडाचं मूत्रपिंड निकामी व्हायचं, पांढऱ्या पाठीची गिधाडं देशात ९९ टक्क्यांहून जास्त संपली. २००६ मध्ये गुरांसाठी त्याच्यावर बंदी आली तोपर्यंत फार उशीर झालेला. आता रायगडात फणसाडला गिधाडांसाठी मुद्दाम मेलेली जनावरं ठेवतात, म्हसळ्याच्या बाजूला लोक त्यांची घरटी जपतात, आणि ही माणसं जे करतायत ते बघून ऊर भरून येतो, पण बाबांच्या गावातली ती जागा आता नुसता माळ आहे, कडेला कुणीतरी पत्र्याची शेड टाकलीय.

म्हणून जायंट पेट्रेलबद्दल वाचायला लागले तेव्हा मी पहिली गोष्ट शोधली ती ही, की हे टिकून आहेत का. आहेत. दोन्ही जाती सध्या धोक्याच्या यादीत नाहीत. साउथ जॉर्जियावर तर फर सील शिकारीतून सावरून परत वाढले आणि त्यांच्याबरोबर त्यांच्या मेलेल्या पिल्लांवर जगणारे नॉर्दर्नही वाढले. पण वर्षाला अंडं एकच, दोन महिने उबवायचं, आणि पिल्लू मोठं होऊन स्वतः घरटं करायला बरीच वर्षं लागतात, त्यामुळे एकदा उतरती लागली तर सावरायला वेळ लागणार. २०२३ मध्ये बर्ड फ्लू साउथ जॉर्जियाला पोचला ते वाचलं तेव्हा मी हा पक्षी बघितलासुद्धा नव्हता, बातमी वाचून पुढे गेले होते. आता तीच बातमी परत शोधून वाचते तेव्हा पोटात गोळा येतो. मेलेलं खाणाऱ्याला आजार सगळ्यात आधी गाठतो.

घरट्याबद्दल एक सांगायचं राहिलं. त्या एकुलत्या पिल्लाला आईबाप सोडून जातात खाणं आणायला, आणि कुणी जवळ आलं तर ते पोटातलं तेल थुंकतं, नेम धरून. हे तेल म्हणजे खाल्लेल्या माशांचं आणि क्रिलचं, पोटात साठवलेलं, लांबच्या प्रवासातली शिदोरी आणि शत्रूवर हत्यार, दोन्ही. वास म्हणे आठवडाभर कपड्यातून जात नाही. स्टिंकर नाव त्यावरूनच. मी रत्नागिरीच्या मिरकरवाड्याच्या सुक्या मासळीच्या वासात मामाकडच्या सुट्ट्या काढल्यात, त्यामुळे मला नाही वाटत मी फार घाबरेन. आणि या नळीनाक्या पक्ष्यांच्या गटातला एक चिमुकला लांबचा नातेवाईक आपल्या कोकणाच्या समुद्रातही येतो बरं का, विल्सन्स स्टॉर्म पेट्रेल, चिमणीहून जरासा मोठा, अंटार्क्टिकात जन्मतो आणि आपल्या पावसाळ्याच्या सुमाराला अरबी समुद्रात असतो. खोल समुद्रात जाणाऱ्या मच्छीमारांनी तो नक्की बघितला असणार, पाण्यावर पाय टेकवत नाचल्यासारखा उडतो.

बरं, अकरातले नऊ झाले. दहावा लांबच राहिला, पाठ करून. अकरावा बोट परत निघायच्या अगदी आधी आला. काळाकुळकुळीत, नवाकोरा, पिसं चकचकीत. केप पेट्रेलच्या गर्दीच्या बाहेरच बसला, आत घुसायची हिंमत करत नव्हता. दुर्बीण लावली आणि छातीत धस्स झालं, चोच टोकापर्यंत एकसारखी फिकट वाटली. टोकाला हिरवट? की ढगातून येणाऱ्या उजेडाचा भास? मी नुसती ओरडत होते टोक बघ टोक बघ, नवऱ्याने कॅमेरा घेतला, बोट वरखाली होतेय, त्याने पंधरा-वीस फोटो काढले, तेवढ्यात एका मोठ्या नराने मान वळवली आणि ते पोर पाण्यावर धावत धावत उडून गेलं. बोट चालवणारीने डोळ्यांवर हात धरून बघितलं आणि म्हणाली, असू शकेल, मी सांगू शकत नाही. रोज समुद्रावर असणारी बाई असं म्हणते म्हटल्यावर मला उलट बरं वाटलं.

परतल्यावर किनाऱ्यावर चहा घेतला, मग फाइफ हाउस बघितलं, देवमाशांची शिकार चालायची तेव्हाचं गुलाबी घर, त्याच्या पायाला चक्क देवमाशाचे मणके आहेत. १८४२ च्या सुमारास तिथे देवमासे कापायला सुरुवात झाली. कापलेल्या देवमाशांभोवती पांगुरुंगुरूंची किती गर्दी होत असेल याचा विचार करत मी तिथे उभी होते आणि लेक कंटाळली म्हणून निघालो.

रात्री बाबांना व्हिडिओ कॉल लावला, तिकडे दुपार होती. आधी नॉर्दर्नचे फोटो पाठवले. त्यांनी चष्मा वर करून फोन डोळ्यांजवळ नेला आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "मान बघ याची. आपल्या गिधाडासारखीच घालतो बघ आत." मी म्हटलं, "बाबा, तुम्ही मान नका बघू, टोक बघा चोचीचं, कात की पान ते सांगा." त्यांना पानाचं गणित आधीच सांगितलं होतं. ते एकेका फोटोला कात, कात, कात म्हणत गेले. मग शेवटच्या पोराचा सगळ्यात स्पष्ट आलेला फोटो पाठवला. परत शांतता. आईने मागून विचारलं काय बघताय एवढं, तिलाही दाखवला.

"बाय, कात तर नाही वाटत हा," बाबा म्हणाले. "पण पान म्हणायलाही जीव धजत नाही. अजून एखादा आहे का फोटो?"

होते अजून चौदा. सगळे पाठवले. आयनॅचरलिस्ट या वेबसाइटवरही टाकलेत, जिथे लोक फोटोतले प्राणी-पक्षी ओळखून सांगतात, तिथे दोघांनी नॉर्दर्न म्हटलंय आणि एकाने सदर्न. मी माझ्या वहीत नऊ नॉर्दर्न आणि दोन नुसतेच जायंट पेट्रेल असं लिहिलंय आणि ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारचं बोटीचं बुकिंग केलंय.